टॉवेलांचा खण

शेरीफच्या शिक्क्याचं पाकीट दरवर्षी येतं. लैंगिक गुन्ह्याची शिक्षा भोगून आलेल्या माझ्या मुलानं, कर्टिसनं, ‘पत्ता तोच’ म्हणून सही करून दहा दिवसांत परत पाठवायचं, नाहीतर पुन्हा तुरुंग. यंदाचा पोस्टमन आमच्याच चर्चमध्ये गाणारा निघाला. शरमेनं मी पाकीट टॉवेलांच्या खणात कोंबलं, कर्टिसला सांगितलंच नाही. आज पोलीसबाई बेड्या घेऊन आली. “पत्र आलंच नाही! मॉम, सांग ना हिला!” न फोडलेलं पाकीट दाखवलं, की तो सुटणार होता. मी खण उघडला. पाकिटाला अडकून केसांची चिमुकली क्लिप वर आली. बारा वर्षांपूर्वी घरात सापडलेली ती मला टाकवली नव्हती. ‘ती पोर आमच्या घरी आलीच नव्हती,’ अशी मी कर्टिसच्या खटल्यात बायबलवर शपथ घेतली होती. मी खण लोटला. “इथे काही नाही.” क्लिप कर्टिसनंही पाहिली होती. त्यानं बेड्यांसाठी हात पुढे केले.