नमुना

गुहेतल्या झऱ्यातून आणलेला आंधळा मासा टाकीच्या काचेला पोटानं चिकटून बसला होता.

"कूळ गोबी माशांचंच आहे," संशोधक बायकोला म्हणाला, "पण जात अगदी नवी. अजून नावसुद्धा नाही."

"मग आपल्या लेकीचं नाव द्या ना."

"माझ्याही मनात तेच होतं गं. पण नाव द्यायचं तर नमुना जपावा लागतो. याला मारून कायमचं स्पिरिटच्या बाटलीत ठेवायचं. हा एकच सापडलाय, हात धजत नाही."

बायकोनं कपाटातली रिकामी बाटली काढली, स्वच्छ पुसली आणि त्याच्यापुढे ठेवली.

"लेक तर देवाघरी गेलीच. आता बाटलीत का होईना, डोळ्यांपुढे राहील."