समोरच्या काचेवरचे डाग

बायको ताजुन्निसा गेल्याचं कळलं तेव्हा अल्लाउद्दीन तळेगावच्या एका दवाखान्याच्या आवारात गाडी धूत होता. "असल्या मळक्या गाडीतून मला घरी नेऊ नका," असं ती आदल्या संध्याकाळी म्हणाली होती. म्हणून त्याने बोअरच्या नळावर बादली भरली आणि भर उन्हात काचांवर पाणी मारलं. तेवढ्यात शेजारचा नथू जिना उतरून आला. नथूने त्याच्या हातातली बादली काढून घेतली.

काचा पुसायच्या राहून गेल्या. पाणी तसंच वाळलं.

चाळिसाव्या दिवसापर्यंत गाडी भाजे गावात घरासमोर उभी होती. त्यानंतर अल्लाउद्दीन स्टेअरिंगवर बसला, तर समोर नुसते पांढरे डाग. ऊन आलं की डागांभोवती उजेड पसरायचा आणि रस्ता दिसेनासा व्हायचा.

"बोअरच्या पान्याचा खार हाय त्यो," नथू म्हणाला. "लिंबू चोळून भागायचं न्हाई. व्हिनेगर आन."

लेणी बघायला येणाऱ्यांसाठी स्टेशनजवळ चायनीजची गाडी लागायची. तिथून अल्लाउद्दीनने बाटली आणली. अर्धं व्हिनेगर, अर्धं पाणी. फडकी भिजवून काचांवर दहा मिनिटं चिकटवून ठेवली, मग दोघांनी चोळलं. बाजूच्या काचांचे डाग गेले. मागची काच लख्ख झाली. समोरची मात्र हटेना.

"मला तर गेल्यागत वाटतंय," नथू वाकून म्हणाला.

"तू भायेरनं बघतोस. आत बसून बघ."

नथू आत बसला. डोळे बारीक करून त्याने बराच वेळ पाहिलं. "चष्मा घरी ऱ्हायला," तो म्हणाला.

"नंबर वाढला असंल तुझा. म्हातारा झालास."

"तू लय तरणा."

गाडी नीट हवी होती, कारण रविवारी सुदुंबऱ्याला लेकीच्या सासरी जायचं होतं. अम्माराला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी. "मी आणि तुमचे व्याही स्वतः येऊन घेऊन जाऊ," असं ताजुन्निसाने अम्माराच्या सासूला सांगितलं होतं. दोघांतला आता एकच राहिला होता.

"अब्बा, उमर आणून सोडतील मला," अम्मारा फोनवर म्हणाली.

"जावयानं आणून सोडायचं? तुझ्या अम्मीनं शब्द दिलाय."

"अम्मी असती तर गोष्ट वेगळी होती."

"मी आहे ना?"

ती म्हणाली, "सावकाश या."

त्या आठवड्यात त्याने काचेची सेवाच मांडली. गाडी उन्हात धुवायचं बंद केलं. पहाटे सावलीत धुवायची आणि थेंब वाळायच्या आत कोरड्या फडक्याने टिपायची. शेवटचा हात बोअरच्या पाण्याचा नाही, बॅटरीत घालायच्या पाण्याचा. त्यात क्षार नसतात, हे त्याला पेट्रोल पंपावर कळलं. बाजूच्या काचांवर पुन्हा डाग धरला नाही. समोरच्या काचेवर मात्र होते तेवढेच राहिले.

ताजू असती तर तिने काही तरी सुचवलं असतं. शेवटचं दीड वर्ष ती पर्यटकांच्या प्रत्येक फेरीला त्याच्या शेजारी बसायची. घरी करमत नाही म्हणायची. बसली की तोंड सुरू. "अहो, खड्डा. अहो, कुत्रं. अहो, पोरं शाळेला चाललीत." मागचे पर्यटक हसायचे.

"गाडी तू चालवतेस की मी?" तो चिडून विचारायचा.

"चालवा तुम्हीच. मी बोलते नुसती."

आता गाडीत इतकं शांत असायचं की त्याला इंजिनाचासुद्धा आवाज नकोसा होई.

शनिवारी त्याने ठरवलं, काचच बदलायची. कामशेतला सत्यमचं गाडीच्या काचांचं दुकान होतं. नथू सोबत निघाला. मळवलीच्या पुढे नथूने एकदम डॅशबोर्ड धरला.

"भाई, म्हस हाय."

"दिसली की."

"मंग ब्रेक कवा मारणार?"

अल्लाउद्दीनने ब्रेक मारला. म्हैस शांतपणे निघून गेली. "नेमका डाग हाय तितं," तो म्हणाला. नथूने कामशेत येईपर्यंत हात काढला नाही.

सत्यमने काचेवर बोट फिरवलं, वाकून उजेडाच्या दिशेने पाहिलं. "काका, चांगली आहे की काच. घासून देऊ का हवं तर?"

"घासून झालंय. बदल तू."

"तुमची मर्जी. थोडा वेळ लागेल."

समोरच्या टपरीवर अल्लाउद्दीनने चहा घेतला, मग दुसरा घेतला. अम्माराच्या खोलीत पलंग कुठल्या भिंतीला लावायचा, याचा विचार केला. ताजूने शिवलेली दुपटी पेटीत होती, ती उन्हात घालायला हवी होती. बऱ्याच दिवसांनी त्याला बरं वाटलं.

तो रस्ता ओलांडून परत आला. जुनी काच भिंतीला टेकवून ठेवलेली दिसली. तो दार उघडून स्टेअरिंगवर बसला आणि समोर पाहिलं.

तेच पांढरे डाग. तसाच पसरलेला उजेड.

"सत्यम," त्याने हाक मारली, "ही कुठली काच घातलीस बाबा? हिच्यावर पण डाग हायेत."

सत्यमने नथूकडे पाहिलं.

"उद्या पोरीला आणायचंय. दुसरी असंल तर बघ."

नथू बॉनेटपाशी आला. त्याने समोरूनच हात आत घातला आणि स्टेअरिंगवरचा अल्लाउद्दीनचा हात घट्ट धरला.

नवी काच बसवायची अजून राहिली होती.