पांढरा की पिवळा

“पिवळ्या दिव्यात टाकीतली झाडं कुजतात, हे तुम्हीच मला शिकवलंत, काका,” फिशटँकवाला म्हणाला. त्यानं दोन्ही दिवे टेबलावर मांडले होते. एक तीन हजार केल्विनचा पिवळा, दुसरा साडेसहा हजारांचा पांढरा.

“वय झालं, मतं बदलली,” काका खुर्चीतूनच म्हणाले. “पांढरा डोळ्यांना टोचतो. पिवळाच लाव.”

काकूंना हसू आलं. याच माणसानं केल्विनवर, म्हणजे दिव्याच्या रंगाच्या मापावर, व्याख्यानं देऊन पाहुण्यांना पळवून लावलं होतं. आणि आता दोन महिन्यांत घरातला एकेक बल्ब पिवळा झाला होता, बाहेर जाताना काळा चष्मा सुटत नव्हता. म्हातारपणाची थेरं, दुसरं काय. पण टाकीतली पानं कुजून चालली होती, ते काही त्यांना बघवत नव्हतं.

“तू पांढरा लाव रे,” त्या म्हणाल्या. “यांचं काय ऐकतोस.”

“नको म्हणतोय ना मी.” काका उठून टाकीपाशी आले आणि वायर ओढायला वाकले. तोवर दिवा लागला होता.

पाणी लख्ख झालं, मासे लालभडक दिसायला लागले. “आता बघा,” म्हणायला काकू वळल्या आणि तशाच थांबल्या. काकांच्या डोळ्यांतला पांढरा भाग पिवळाजर्द झाला होता.

हा काविळीचा रंग त्यांनी काकांच्याच डोळ्यांत एकदा दवाखान्यात पाहिला होता. तेव्हाच काकांची दारू सुटली होती. पुन्हा घेतलीत तर लिव्हर वाचणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

काकांनी चटकन मान फिरवली. पण काकूंनी पाहिलं, हे त्यांना कळलं होतं.

काकूंना संताप आला. आता पुन्हा कपाटं उपसायची, पुन्हा शपथा घालायच्या, पुन्हा खोटं ऐकून घ्यायचं. आणि लेक उद्याच यायची होती, चार दिवसांसाठी. बाबांनी दारू सोडली, हे ती सासरी मोठ्या मानानं सांगायची.

“काकू, हाच फिट करू ना?”

“नको. पिवळाच लाव.”

“अहो, पण झाडं…”

“लाव म्हटलं ना.”

त्यानं खांदे उडवले आणि दिवा बदलला. टाकी, भिंत, काकांचा चेहरा, सगळं एकसारखं पिवळट झालं. काका खुर्चीत मागे रेलले.

“बघ,” ते फिशटँकवाल्याला म्हणाले, “समजूतदार आहे तुझी काकू.”