सोमालियातून फोन

रतनलालशेठनी फोन उचलला आणि दुकानाबाहेर येऊन हाक मारली, "भिकुबाई, सोमालियातून फोन!"

तिचा मुलगा सुकदेव तिथं अनेक देशांच्या शांतिसेनेत होता. भिकुबाई पिठाच्या हातांनी धावली, मागून अख्खी गल्ली.

फोनवर आवाज परका होता.

"अम्मा, मैं नज़ीर, सुकदेव का दोस्त. अभी कैंप में धमाके हुए..."

"मना सुका?" भिकुबाईनं फोन कानाशी घट्ट धरला.

"हँस रहा है, अम्मा! आज उसने मुझे आपका भरता सिखाया. आग में रखते ही सारे बैंगन फटने लगे. इटलीवाले, मलेशियावाले बंदूक लेकर ज़मीन पर लेट गए!"

"अरे दादा, वांगासले आधी टोचे नही मारात का?"

पलीकडे बराच हशा पिकला. मग फोन कटला. भिकुबाईनं पदरानं डोळे पुसले.

"कोन व्हता वं?" गल्लीनं विचारलं.

"सुकाना दोस्त. तोबी शिपाईच शे."

"कोठला?"

रतनलालशेठ हळूच म्हणाले, "मला त्यानं लाहोरचा म्हणून सांगितलं."

सगळे भिकुबाईकडे बघू लागले.

"बिचारा," ती म्हणाली. "मना सुकापासून भरीत शिकी ऱ्हायना!"