ताजा बांगडा

“ताई, बाथरूमला खिडकी आहे का हो?”

चपला काढता काढताच भाग्यश्रीनं विचारलं. तिनं छातीशी थर्माकोलचा डबा धरला होता.

“आहे. पण आमच्याकडे लोक आधी बसतात, पाणी घेतात, मग बाथरूम विचारतात,” उत्कर्षा म्हणाली.

आई जाऊन महिना होत आला होता. भेटायला येणारे थांबले होते, आणि आता ही आली होती. आईची शेवटची विद्यार्थिनी. दोन वर्षं घरात जेवताना हिचंच नाव. भाग्यश्रीनं असं केलं, भाग्यश्रीला तसं सुचलं.

भाग्यश्रीनं डबा उघडला. बर्फाच्या पिशव्यांमध्ये काचेचा फ्लास्क होता. तोंडाला कापसाचा बोळा, आत पेजेसारखं गढूळ पाणी.

“मॅडमचे बॅक्टेरिया,” ती म्हणाली. “बांगड्याच्या अंगावरचे. अंधारात चमकतात. तुम्ही पाहिलेच असतील.”

“नाही.”

बांगडे तेवढे उत्कर्षाला माहीत होते. रविवारी सकाळी आई मासळी बाजारात जायची. आणलेल्यांतला सगळ्यात ताजा, ताठ बांगडा वेगळ्या पिशवीत बांधून आधी कॉलेजात ठेवून यायची. उरलेले घरी शिजायचे. “बरंय, पहिला मान तुझ्या पोरींना,” असं उत्कर्षा एकदा म्हणाली होती. आई नुसती हसली होती.

खिडकी झाकायला भाग्यश्रीनं खुर्चीवरची घडी उचलली. आईची साडी. उत्कर्षानं ती तिच्या हातातून काढून घेतली आणि चादर दिली.

बाहेर कर्वेनगरची दुपार रणरणत होती. दोघी बाथरूममध्ये शिरल्या. भाग्यश्रीनं दाराच्या फटीला पायपुसणं लावलं आणि दिवा बंद केला.

“डोळे सरावायला वेळ लागतो. तोवर काहीच दिसत नाही.”

काहीच दिसत नव्हतं. नळ ठिबकत होता.

“मॅडम अशा वेळी गुणगुणत बसायच्या,” भाग्यश्री म्हणाली.

“घरी नाही गुणगुणायची.”

“नेहमी एकच चाल. अशी…”

“नको,” उत्कर्षा म्हणाली.

भाग्यश्री थांबली. थोड्या वेळानं उत्कर्षाच्या मनगटाला गार बोटं लागली.

“हे काय?”

“सॉरी ताई. मॅडम सांगायच्या, तुम्हाला अंधारात हात धरायला लागतो म्हणून. मी एकदा म्हटलं, ताईंना आणा ना लॅबमध्ये. तर म्हणाल्या, नको गं, ती घाबरते.”

उत्कर्षा चाळिशीला आली होती.

“मी तेव्हा पाच वर्षांची होते,” ती म्हणाली. पण हात सोडवून घेतला नाही.

“आता दिसतंय?”

“नाही.”

“मला दिसतंय. हे घ्या, हलवा जरा. हवा मिळाली की उजळतात.”

उत्कर्षानं फ्लास्क हलवला. आत निळसर हिरवा उजेड उठला आणि पाण्याबरोबर फिरला. काचेवरची तिची बोटं काळी दिसू लागली. हात थांबला तसा उजेड खाली बसला. तिनं पुन्हा हलवला. आणखी एकदा.

“हा कधीचा बांगडा?” तिनं विचारलं.

“दिवाळीनंतरच्या रविवारचा. त्या दिवशी मॅडम फार खूश होत्या. तेव्हापासून दर शनिवारी थोडे थोडे नव्या पाण्यात घालतो. घालायचो.”

तो रविवार उत्कर्षाला आठवला. त्याच टोपलीतले बांगडे होते. आमटी तिखट झाली, आणि मासे शिळे लागतायत, असं ती म्हणाली होती. आईनं आपल्या ताटातला मधला तुकडा काढून तिच्या ताटात घातला होता.

“अजून किती फ्लास्क आहेत?”

“हा एकच. मागं लॅबचा फ्रिज बंद पडला, त्यात बाकीचे गेले.” भाग्यश्रीचा आवाज खाली आला. “मॅडमचे आहेत, म्हणजे तुमचेच. ठेवायचे असतील तर ठेवा. पण इथल्या उकाड्यात संध्याकाळपर्यंत विझतील. मग हलवूनही काही उपयोग नाही.”

उत्कर्षानं फ्लास्क पोटाशी धरला. हो म्हणायला एक शब्द पुरला असता. संध्याकाळपर्यंत एकटीनं दार लावून बसायचं. मग विझेल. विझला की हिच्याकडेही काही उरणार नाही. हिशेब बरोबरीत.

अंधारात शेजारी भाग्यश्रीनं नाक ओढलं. हळूच, ऐकू जाऊ नये म्हणून.

फ्लास्कचा गारवा कुर्त्यातून पोटाला लागत होता. तोही कमी होत चालला होता.

“शनिवारी किती वाजता?” उत्कर्षानं विचारलं.

“अं?”

“नवं पाणी. किती वाजता बदलतेस?”

“चारला. लॅब रिकामी असते तेव्हा.”

उत्कर्षानं चाचपडत तिचे हात शोधले आणि फ्लास्क त्यांत ठेवला.

“बर्फात ठेव लगेच,” ती म्हणाली. “आणि शनिवारी मी आल्याशिवाय सुरू करू नकोस. दिवा मी बंद करणार.”