सोल्यूशनची इज्जत

माझ्या दुकानातल्या सोल्यूशननं चिकटवलेला चपलेचा तळ झिजून जातो, पण निघत नाही. अख्ख्या धामणगावात आपलं नाव आहे. आणि लग्नाचे फोटो काढणारा हा ललित महिन्यात तिसऱ्यांदा तोच कॅमेरा घेऊन आला.

"डोमाजीकाका, मुठीचं रबर पुन्हा निघालं. टेपनं बी नाही टिकलं, सोल्यूशननं बी नाही. दुसरं काही दाखवा ना."

माझं डोकंच फिरलं. "लावल्याबरोबर दाबतं काय बे? दहा मिनिटं वाळू देत जा. बोटाले चिकटणं बंद झालं, का मंग चिकटव!"

"तसंच करतो, काका," तो म्हणाला. बोलत माझ्याशी होता आणि पाहत होता गल्ल्याकडे. गल्ल्यावर माझी लेक प्रियदर्शनी बसली होती.

मी कॅमेरा हिसकून घेतला. रबराचा एक कोपरा तेवढा उचकटला होता. बाकीचं मी नखानं ओढ ओढ ओढलं, तरी हलेना. चष्मा लावून पाहिलं, तर कोपऱ्याखाली ब्लेडची ताजी रेघ!

"अबे, हे निघालं नाही, तू काढलं! माह्या सोल्यूशनले बदनाम करून राहिला काय?"

ललितची मान खाली गेली.



"बाबा, त्याइले नका रागावू," गल्ल्यावरून प्रियदर्शनी हळूच म्हणाली. "ब्लेड बी आपल्याच दुकानातलं हाये. मीच देलं."