पातळ रक्त

वडशाच्या त्या नाटक कंपनीत एक कायदा होता. खलनायकावर भिरकावलेली चप्पल खलनायकाची. लटारू स्टेजवर इतका नीच वागायचा, की वीस वर्षांत त्याला बायकोसाठी चप्पल विकत घ्यावी लागली नव्हती. मग बाबूभाईनं सिनेमाच्या सीडीचं दुकान काढलं आणि साऱ्या दुनियेतले हरामखोर घरोघरी भाड्यानं जाऊ लागले.

यंदा लटारूनं नायिकेचा गळा आवळला, तिच्या म्हाताऱ्या बापाला लाथा घातल्या, पाळण्यातलं पोर विहिरीत टाकलं. एक चप्पल येईना. तिकडे त्याची बायको आशाबाई अनवाणी धान कापायला जात होती.

"हे तं काईच नाई," पहिल्या रांगेतली कॉलेजातली पुनम मैत्रिणीला म्हणाली. "सीडीतला हाँगकाँगवाला आधी डोळे काढते."

लटारूनं ऐकलं. हातातली पुठ्ठ्याची कुऱ्हाड टाकून तो आत गेला, सरपण फोडायची खरी घेऊन आला आणि नायकाच्या खांद्यात घातली. नायक ठरल्याप्रमाणे ओरडला, मग न ठरल्याप्रमाणे ओरडतच राहिला. शिंतोडे पहिल्या रांगेपर्यंत उडाले.

पुनमनं ओढणीवरचा डाग बोटानं चोळून पाहिला.

"रक्त लई पातळ केलं, भाऊ. असं असते का रक्त? आमाले येडे समजता का?"

आणि तिनं पायातली काढून हाणली.

ती लटारूच्या कपाळावर बसली. त्यानं वाकून उचलली, पालथी करून नंबर पाहिला. आशाबाईचाच होता.

"बाई," तो हात जोडून म्हणाला, "जोडीची बी मार ना वं."